नोकऱ्या वाढल्या, पण कोणाच्या खात्यात?

दर महिन्याची वीस तारीख उलटली की वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी संघटनेत, म्हणजे ईपीएफओत, अमुक लाख सदस्यांची भर पडली आणि त्यात महाराष्ट्र आघाडीवर. जून २०२५ मध्ये ही निव्वळ भर तात्पुरत्या आकड्यांनुसार २१.८९ लाख होती. एप्रिल २०१८ पासून ही आकडेवारी प्रसिद्ध होते आहे, तेव्हापासूनचा तो तोवरचा उच्चांक. त्यात एकट्या महाराष्ट्राचा वाटा साधारण पाचवा हिस्सा. त्याच सुमारास केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाचा दुसरा आकडाही आला होता. देशातला बेरोजगारीचा दर एप्रिलमध्ये ५.१ टक्के होता, तो मे आणि जूनमध्ये ५.६ टक्के झाला.

एकीकडे नोकऱ्यांचा उच्चांक आणि दुसरीकडे वाढलेली बेरोजगारी. वाचणारा साहजिकच म्हणतो, यातला एक आकडा खोटा असणार. खोटा कुठलाच नाही. दोन्ही आकडे वेगवेगळ्या माणसांना, वेगवेगळे प्रश्न विचारून आलेले आहेत. रोजगाराच्या प्रत्येक आकड्यामागे तीन गोष्टी दडलेल्या असतात: कुठल्या महिन्याची तुलना कुठल्या महिन्याशी केली, मोजणीत कोण आलं, आणि मोजलेला माणूस कुठल्या उद्योगाच्या नावावर टाकला. या तिन्ही उलगडल्या की आकडा बोलायला लागतो. त्या एकेक करून पाहू. उदाहरणादाखल पश्चिम महाराष्ट्राचा साखरपट्टा घेऊ, कारण तिथे या तिन्ही गोष्टी एकाच आवारात दिसतात.

साठा, आवक आणि विसर्ग

पावसाळ्यात आपल्याकडे धरणांची चौकट छापून येते. कोयनेत आज किती टीएमसी पाणी आहे, चोवीस तासांत आवक किती, विसर्ग किती, आणि शेवटच्या रकान्यात गेल्या वर्षी याच तारखेला किती साठा होता. ही चौकट वाचता येते त्या प्रत्येकाला रोजगाराचा तक्ता वाचता येईल. एखाद्या उद्योगात आज किती माणसं कामावर आहेत, हा साठा. महिन्यात नव्याने लागली ती आवक, सुटली ती विसर्ग. दोन्हींतला फरक म्हणजे महिन्याचा निव्वळ बदल. आणि गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी केलेली तुलना म्हणजे वर्षाचा बदल.

पहिली चूक इथेच होते. बातमीत छापलेला आकडा बहुधा निव्वळ बदलाचा असतो आणि आपण तो 'इतक्या नव्या नोकऱ्या' असा वाचतो. एखाद्या औद्योगिक वसाहतीत महिन्याला १२० जण लागले आणि २० सुटले, तर निव्वळ भर १००. दुसऱ्या वसाहतीत १,१०० लागले आणि १,००० सुटले, तरी निव्वळ भर १००च. पहिल्या ठिकाणी माणसं टिकताहेत, दुसऱ्या ठिकाणी दर महिन्याला हजार कुटुंबांची घडी विस्कटते आहे. निव्वळ आकड्यात दोन्ही वसाहती सारख्याच दिसतात.

ईपीएफओचा हिशेबही असाच आहे. नवे सदस्य अधिक परत आलेले सदस्य, वजा बाहेर पडलेले. जून २०२५ च्या २१.८९ लाखांत पहिल्यांदाच सदस्य झालेले साधारण साडेदहा लाख होते. परत आलेले, म्हणजे एक नोकरी सोडून दुसरीकडे लागलेले, त्याहून जास्त, जवळपास सतरा लाख होते. नव्याने नोकरीला लागलेल्या तरुणांचा अंदाज घ्यायचा असेल, तर मथळ्यातला मोठा आकडा बाजूला ठेवून आधी हा पहिला आकडा शोधायला हवा.

महिन्याचा बदल आणि वर्षाचा बदल

आता एक कल्पित तालुका घेऊ. तालुक्यात एक साखर कारखाना, थोडं बांधकाम, एक बाजारपेठ, आणि शाळा-दवाखाने. आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत.

| उद्योग | गेल्या वर्षी ऑक्टोबर | गेल्या वर्षी नोव्हेंबर | यंदा ऑक्टोबर | यंदा नोव्हेंबर | महिन्याचा बदल | वर्षाचा बदल |
|---|---|---|---|---|---|---|
| साखर | १,००० | २,४०० | ९०० | २,१०० | +१,२०० | −३०० |
| बांधकाम | १,५०० | १,८०० | १,७०० | २,००० | +३०० | +२०० |
| व्यापार | २,६०० | २,५०० | २,८०० | २,७०० | −१०० | +२०० |
| शाळा-दवाखाने | २,००० | २,००० | २,०५० | २,०५० | ० | +५० |
| एकूण | ७,१०० | ८,७०० | ७,४५० | ८,८५० | +१,४०० | +१५० |

महिन्याचा रकाना पाहिला तर तालुक्यात आनंदीआनंद आहे. एका महिन्यात १,४०० माणसांना काम मिळालं, जवळपास १९ टक्के वाढ. त्यात साखर सगळ्यात पुढे, व्यापार तेवढा मागे पडलेला. वर्षाच्या रकान्यात मात्र चित्र उलटं आहे. एकूण वाढ जेमतेम पावणेदोन टक्के. साखरेत ३०० जागा घटल्या, म्हणजे साडेबारा टक्के. आणि व्यापार, जो महिन्याच्या रकान्यात पडलेला दिसत होता, तो वर्षभरात आठ टक्क्यांनी वाढला आहे.

कारण उघड आहे. नोव्हेंबरमध्ये गाळप सुरू होतं, म्हणून दर नोव्हेंबरला साखरेत माणसं वाढतातच. दिवाळीची खरेदी संपली की दुकानांतली जादा पोरं घरी जातात, म्हणून व्यापारात घट दिसते. यात उद्योगाचं बरं-वाईट काही नाही, हा फक्त ऋतूचा फेरा आहे. वर्षाच्या बदलात नोव्हेंबरची तुलना नोव्हेंबरशीच होते, त्यामुळे हा फेरा बराचसा बाजूला पडतो आणि खरी हालचाल दिसते.

वर्षाच्या रकान्यावर आणखी एक पायरी चढता येते. एकूण वाढीत कुठल्या उद्योगाचा किती हात आहे, ते काढायचं. प्रत्येक उद्योगाच्या बदलाला गेल्या नोव्हेंबरच्या ८,७०० या एकूण साठ्याने भागायचं. साखरेमुळे एकूण रोजगार सुमारे ३.४ टक्क्यांनी खाली आला, बांधकाम आणि व्यापार यांनी प्रत्येकी २.३ टक्क्यांनी वर नेला, शाळा-दवाखान्यांनी ०.६ टक्क्यांनी. सगळ्यांची बेरीज १.७ टक्के. वरवर शांत दिसणाऱ्या या १.७ टक्क्यांच्या आत तालुक्याचा मुख्य उद्योग आक्रसतो आहे. नुसती बेरीज पाहणाऱ्याला हे कधीच कळत नाही. म्हणून उद्योगवार तक्ता लागतो.

वर्षाची तुलनाही फसवते

मग महिन्याचा बदल सोडून वर्षाचाच धरावा का? तेही पुरत नाही, कारण आपले सण इंग्रजी महिन्यांना बांधलेले नाहीत. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. त्यामुळे दुकानं, कपड्यांचा बाजार, मिठाई, कुरिअर या सगळ्यांतली जादा भरती एका वर्षी नोव्हेंबरच्या खात्यात पडते आणि दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या. गणेशचतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. पेण-हमरापूरच्या गणपतींच्या कारखान्यांतली अखेरची धावपळ त्यामुळे तीन आठवडे अलीकडे सरकली. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. या काळात लग्नं होत नाहीत, म्हणजे ऐन लग्नसराईत मांडववाले, आचारी, बँडवाले, फुलवाले यांचं काम पुढे-मागे होणार. २०२५ च्या मे-जूनशी आंधळेपणाने तुलना केली तर या धंद्यांत मंदी आल्याचा भास होईल.

साखरेचंही तसंच. गाळप कधी सुरू करायचं ते मंत्री समिती ठरवते. २०२३ मध्ये परवानगी १ नोव्हेंबरपासून होती, २०२४ मध्ये १५ नोव्हेंबरपासून, २०२५ मध्ये पुन्हा १ नोव्हेंबरपासून. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मोजणी झाली असेल, तर २०२४ च्या तक्त्यात साखरेतला रोजगार कोसळलेला दिसेल आणि २०२५ च्या तक्त्यात उसळलेला. प्रत्यक्षात फक्त तारीख हलली.

यावर जगभर वापरला जाणारा उपाय म्हणजे ऋतुमान वगळून आकडे काढणं. तत्त्व सोपं आहे. आपल्या तालुक्यात गेल्या वर्षी ऑक्टोबर ते नोव्हेंबर साखरेतली माणसं १,००० वरून २,४०० झाली, म्हणजे २.४ पट. नेहमीचा हंगाम असाच असतो असं धरलं, तर यंदाच्या ९०० चे २,१६० व्हायला हवे होते. झाले २,१००. म्हणजे १,२०० ची भर दिसत असली तरी नेहमीच्या मानाने ६० जागा कमीच. खऱ्या कामात एका वर्षावर विसंबत नाहीत, अनेक वर्षांचा कल घेतात आणि सरकणारे सण वेगळे हिशेबात धरतात. अमेरिकेत कामगार सांख्यिकी खातं प्रत्येक राज्याचे आणि मोठ्या शहरी भागांचे उद्योगवार आकडे दर महिन्याला देतं. महिन्याची १२ तारीख ज्या पगारी मुदतीत येते त्या मुदतीत पगारपत्रकावर असलेली माणसं ते मोजतं, आणि ऋतुमान वगळलेले व न वगळलेले असे दोन्ही तक्ते छापतं. आपल्याकडे असा तक्ता राज्यांसाठी नाही, म्हणून वाचणाऱ्यालाच पंचांग जवळ ठेवावं लागतं.

अजून एक सापळा पायाचा. एखाद्या गावात १०० जण कामावर होते, टाळेबंदीत ६० उरले, पुढच्या वर्षी ८० झाले. वर्षाचा बदल ३३ टक्के वाढ! पण मूळच्या शंभरातले वीस जण अजून घरीच आहेत. वर्षाचा टक्का मोठा दिसला की गेलं वर्ष कसं होतं ते आधी पाहायचं, आणि शक्य असेल तर दोन-तीन वर्षं मागे जायचं.

मोजणीत कोण आलं?

आता दुसरा प्रश्न. रोजगार मोजण्याच्या आपल्याकडे मुख्य वाटा तीन.

पहिली ईपीएफओची. इथे माणूस मोजला जात नाही, त्याचं खातं मोजलं जातं. साधारणपणे वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू होतो. एखाद्या कारखान्यात एकोणीस जण वर्षानुवर्षं राबत असतील तर ते या तक्त्यात नाहीत. विसावा लागला आणि नोंदणी झाली की सगळे वीस एकदम 'नवे सदस्य' होतात. नवी नोकरी एकच निर्माण झाली. उरलेल्या एकोणिसांना सामाजिक सुरक्षा मिळाली, ही फार चांगली गोष्ट आहे, पण ती वेगळी गोष्ट आहे.

शिवाय हे आकडे मागाहून बदलतात. मालकाने महिन्याचं चलन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचं असतं, काही जण उशिरा भरतात, नोकरी सोडल्याची नोंद तर त्याहून उशिरा होते. एप्रिल २०२० चं उदाहरण बोलकं आहे. टाळेबंदीच्या त्या महिन्यात निव्वळ भर सुमारे एक लाख असल्याचं जुलैमध्ये जाहीर झालं. ऑगस्टमध्ये तो आकडा २०,१६४ झाला. सप्टेंबरमध्ये उणे ६१,८०७. ऑक्टोबरमध्ये उणे एक लाखाच्याही खाली. म्हणजे ज्या महिन्यात भर पडल्याची बातमी छापून आली, त्या महिन्यात प्रत्यक्षात घट होती. पहिली बातमी सगळ्यांनी वाचली, पुढच्या दुरुस्त्या मात्र फार थोड्यांनी.

दुरुस्ती होते म्हणून आकडे खोटे, असा अर्थ कोणी काढू नये. दुरुस्ती हे प्रामाणिकपणाचं लक्षण आहे. अमेरिकेच्या त्याच खात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये स्वतःच सांगितलं की मार्च २०२४ चा रोजगार आपण सुमारे ८ लाख १८ हजारांनी जास्त मोजल्याचा प्राथमिक अंदाज आहे. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये मे-जूनचे आकडे मोठ्या प्रमाणात खाली आणले गेले, तेव्हा तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी खात्याच्या प्रमुखांनाच पदावरून काढलं. आकडा सुधारणाऱ्याला शिक्षा झाली तर पुढचा आकडा सुधारायला कोण धजेल?

दुसरी वाट घरोघरच्या पाहणीची, म्हणजे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाची. इंग्रजी आद्याक्षरांनी तिला पीएलएफएस म्हणतात. ती २०१७ पासून चालू आहे आणि जानेवारी २०२५ पासून तिची रचना बदलली. निवडलेल्या घरी लागोपाठ चार महिने जाऊन माहिती घेतली जाते. गेल्या सात दिवसांत एका दिवशी जरी तासभर काम केलं असेल, तरी साप्ताहिक हिशेबात तो माणूस कामावर धरला जातो. या जाळ्यात शेतकरी, शेतमजूर, भाजीवाली, रिक्षावाला, घरच्या दुकानात बसणारी सून असे सगळे येऊ शकतात, ही तिची मोठी ताकद. मर्यादा अशी की महिन्याचे आकडे देशापुरतेच मिळतात. राज्यांचे आकडे तिमाहीने किंवा वर्षाने येतात. मासिक आकड्यांची सुरुवातच एप्रिल २०२५ पासूनची, त्यामुळे महिन्याची गेल्या वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना एप्रिल २०२६ च्या आधी शक्यच नव्हती. बेरोजगारीचा दर ५.१ चा ५.६ झाला तो रब्बीची कापणी-मळणी आटोपल्यावर. त्यात ऋतू किती आणि मंदी किती, हे एकाच वर्षाच्या आकड्यांवरून सांगता येत नव्हतं.

तिसरी वाट वार्षिक उद्योग पाहणीची. विजेवर चालणारे आणि दहा किंवा अधिक कामगारांचे, तसंच विजेशिवाय चालणारे आणि वीस किंवा अधिक कामगारांचे नोंदलेले कारखाने तिच्यात येतात. ती वर्षातून एकदा होते आणि तिचे आकडे उशिरा हाती येतात. पण कारखान्याच्या फाटकाआत कोण काम करतं, ते थेट मालकाचे की कंत्राटदाराचे, हे ती विचारते. पुढच्या प्रश्नाची किल्ली तिच्याकडेच आहे.

माणूस कुठल्या उद्योगाच्या नावावर?

उद्योगांची वर्गवारी राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाने होते. आस्थापनेचा मुख्य धंदा काय, त्यावर तिचा गट ठरतो. माणूस प्रत्यक्षात हाताने काय करतो याच्याशी या गटाचा संबंध नसतो.

चाकणच्या एखाद्या वाहन कारखान्याची कल्पना करा. जोडणीच्या रांगेवर दोन तरुण शेजारी उभे आहेत, एकच बोल्ट आवळताहेत. एक कंपनीचा कायम कामगार, दुसरा मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराचा. ईपीएफओच्या तक्त्यात पहिला वाहननिर्मितीत आणि दुसरा 'तज्ज्ञ सेवा' नावाच्या गटात. या गटात मनुष्यबळ पुरवठादार, सर्वसाधारण कंत्राटदार, सुरक्षा सेवा असे धंदे येतात. महिन्याच्या निव्वळ भरतीतला साधारण चाळीस टक्के वाटा याच गटाचा असतो. गटाचं नाव ऐकून डोळ्यांसमोर सल्लागार आणि सनदी लेखापाल येतात, पण त्यात फाटकावरचा रखवालदार, झाडूवाला आणि जोडणीच्या रांगेवरचा हा दुसरा तरुणही बसलेला आहे.

आता समजा कंपनीने पाचशे जागा कायम यादीतून कमी करून कंत्राटदाराकडे दिल्या. तक्ता म्हणेल, वाहन उद्योगात ५०० ने घट, तज्ज्ञ सेवांत ५०० ने वाढ. बातमी होईल की महाराष्ट्र कारखानदारीकडून सेवाक्षेत्राकडे वळतो आहे. फाटकाआत मात्र एकही यंत्र हललं नाही. बदलली ती पगाराची पावती आणि नोकरीची शाश्वती. वार्षिक उद्योग पाहणीत हे सगळे त्याच कारखान्यात मोजले जातात, आणि २०२२-२३ च्या पाहणीत देशातल्या कारखान्यांतल्या कामगारांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक कंत्राटदारामार्फत आलेले होते. त्यामुळे कारखानदारी आणि तज्ज्ञ सेवा हे दोन आकडे कधीही वेगळे वाचू नयेत.

ठिकाणाचाही असाच घोळ होतो. देशभर शाखा असलेल्या कंपनीचं भविष्यनिर्वाह निधीचं खातं मुंबईत असेल, तर तिच्या दूरच्या शाखेतला माणूसही मुंबईच्या खात्यावर दिसू शकतो. महाराष्ट्राच्या पहिल्या क्रमांकाचा अभिमान जरूर वाटावा, पण त्यातला काही हिस्सा मुख्यालयांमुळे आहे हे विसरू नये.

एक मोळी, तीन तक्ते

आता साखर कारखान्यात जाऊ. दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, मग गव्हाणीत मोळी टाकून गाळप सुरू होतं. त्या दिवसापासून मार्च-एप्रिलपर्यंत तीन पाळ्यांत काम. या हंगामात जे राबतात त्यांची तक्त्यांमध्ये काय वाट लागते ते पाहा.

कायम कामगार बाराही महिने पगारपत्रकावर. तो सगळ्या तक्त्यांत नीट दिसतो.

हंगामी कामगार मिलवर, पॅनवर, गोदामात हंगामापुरता असतो. कारखाना बंद झाल्यावर त्याला पुढच्या हंगामासाठी बांधून ठेवायला रिटेन्शन भत्ता देण्याची या उद्योगात पद्धत आहे. १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्यात या भत्त्याचा उल्लेखच आहे आणि त्यावरही वर्गणी कापायची तरतूद आहे. परिणाम असा की जूनमध्ये हा माणूस घरच्या शेतात पेरणी करत असतो, तरी ईपीएफओच्या लेखी तो साखर उद्योगात असू शकतो. घरोघरच्या पाहणीत तोच माणूस शेतकरी. दोन्ही नोंदी बरोबर आहेत. त्यामुळे साखरेचा हंगामी चढउतार एका तक्त्यात बराच सपाट दिसतो आणि दुसऱ्यात ठसठशीत.

साखरेची पोती उचलणारा, आवारात झाडलोट करणारा, रात्रीचा पहारा देणारा अनेक ठिकाणी कंत्राटदाराचा. तो साखरेत नाही, तज्ज्ञ सेवांत.

आणि ज्यांच्यावाचून गव्हाणीत मोळीच पडणार नाही, ते ऊसतोड कामगार? बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या आगेमागे ते निघतात. मुकादम त्यांना उचल देतो, त्या उचलीच्या फेडीत हंगाम जातो. मोजणी कोयत्यावर. एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायको, दोघं मिळून एक. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते, पण हिशेब एका कोयत्याचा आणि पैसे नवऱ्याच्या हातात. कारखान्याच्या पगारपत्रकावर हे दोघं नाहीत, म्हणून ईपीएफओत नाहीत. फाटकाबाहेरचे, म्हणून वार्षिक उद्योग पाहणीत नाहीत. उरली घरोघरची पाहणी. पण डिसेंबरात त्यांच्या गावी गेलेल्या पाहणीदाराला दाराला कुलूप दिसणार, आणि ते स्वतः दीडशे-दोनशे किलोमीटरवर उसाच्या फडाजवळ कोपीत राहत असणार. तिथे ते कायमचे रहिवासी नाहीत. सापडले तर शेतीच्या खात्यात नोंद होणार, साखरेच्या नाही.

साखरेच्या एका पोत्यामागे ज्यांचे सर्वाधिक श्रम आहेत, ते साखर उद्योगाच्या रोजगाराच्या कुठल्याच मासिक तक्त्यात नाहीत. माझ्या मते आपल्या राज्यातल्या रोजगाराच्या आकडेवारीची ही सगळ्यात मोठी उणीव आहे, आणि तिची किंमत ती माणसं मोजतात. हंगामात मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहं किती हवीत, स्थलांतराच्या गावी रेशन किती पोचवायचं, फडाजवळ गरोदर बायांसाठी आरोग्यसेविका किती लागतील, हे सगळं कुठल्या महिन्यात कुठल्या तालुक्यात किती माणसं कामाला आहेत यावर ठरायला हवं. जो मोजलाच जात नाही, त्याच्यासाठी तरतूद अंदाजाने होते, आणि अंदाज बहुधा कमीच असतो.

पुढचा आकडा आला की

तेव्हा पुढच्या महिन्यात रोजगाराची बातमी आली, की काही प्रश्न क्रमाने विचारावेत.

आकडा साठ्याचा आहे की बदलाचा? बदलाचा असेल तर निव्वळ आहे का, आणि आत आवक-विसर्ग किती?

तुलना मागच्या महिन्याशी आहे की मागच्या वर्षाशी? मागच्या महिन्याशी असेल तर हंगाम कुठला चालू होता? मागच्या वर्षाशी असेल तर सण, अधिक मास, गाळपाची तारीख कुठे सरकली, आणि गेलं वर्ष स्वतः कसं होतं?

आकडा तात्पुरता आहे का? असेल तर तीन महिन्यांनी तो पुन्हा पाहावा. दुरुस्ती एकाच दिशेने होत असेल, तर ती दिशाच खरी बातमी आहे.

मोजलं काय: खातं, घर की कारखान्याचं फाटक? आणि उद्योगाचं नाव कोणाचं: काम करणाऱ्याचं की पगार देणाऱ्याचं?

हे प्रश्न आपले आपण विचारता येतात, पण त्यांची पूर्ण उत्तरं मिळायला राज्याने एक काम करायला हवं. जिल्हा आणि उद्योग या दोन्हींनी एकत्र विभागलेला, महिन्याचा आणि वर्षाचा बदल शेजारी-शेजारी दाखवणारा, कंत्राटी कामगार ज्या आवारात राबतो त्या उद्योगात धरणारा एक तक्ता. कच्चा माल बराचसा उपलब्ध आहे. भविष्यनिर्वाह निधीची चलनं आहेत. केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणाच्या नव्या रचनेत नमुना निवडतानाच जिल्हा हा पायाभूत घटक मानला आहे. रोजगार हमीच्या कामांची मागणी गावपातळीवर नोंदली जाते. आणि कुठल्या फडात किती कोयते आहेत हे कारखान्याच्या शेती विभागाला, ऊसतोडीची नोंद ठेवणाऱ्या त्यांच्या चिटबॉयला, रोजच्या रोज माहीत असतं, कारण त्यावरच दुसऱ्या दिवशीचं गाळप ठरतं.

ज्या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातून धडा घेऊन १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, त्याने एक गोष्ट देशाच्या आधी ओळखली होती: कामाची गरज वर्षाच्या सरासरीत दिसत नाही, ती ठरावीक महिन्यात आणि ठरावीक गावात लागते. त्या समजुतीला साजेशी मोजणी करणं हे आता राज्याचं उरलेलं काम आहे. तिची सुरुवात कोयत्यामागच्या दोन माणसांना दोन माणसं म्हणून मोजण्यापासून व्हावी.